आजी, मी ख्रिस्ती आहे का?

परवाच्या रविवारची गोष्ट. नात आली होती. महिन्यातून एकदा तिचे आईवडील तिला डोंबिवलीहून माझ्याकडे आणून सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. मी सकाळची उपासना आटोपून भायखळ्याहून परतले होते. वर्षभराचा मसाला संपत आला होता म्हणून तिला घेऊनच खाली मसाला गल्लीत उतरले. गणपतीला अजून वेळ आहे, पण लालबागमध्ये मंडपाचे बांबू पडले की गणपती आलेच म्हणून समजायचे. रस्त्यात बांबू, ताडपत्र्या, दोरखंड. मिरच्यांच्या खकाण्याने पोर शिंकून शिंकून हैराण झाली होती. मी बेडगी मिरचीचे देठ तपासत असताना तिने एकदम विचारले, "आजी, मी ख्रिस्ती आहे का?"

चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. मुलांच्या प्रश्नांना घाबरायचे नाही, उत्तर येत नसेल तर उद्या सांगते म्हणायचे, एवढे तरी शिकले होते. पण त्या क्षणी मला काही सुचेना. मी म्हटले, "आधी नाकाला रुमाल धर."

ती अकरा वर्षांची आहे. रुमाल धरून तिने पुन्हा विचारले. मी म्हटले, "आईबाबांना विचार." त्यावर ती म्हणाली, "विचारलं. बाबा म्हणाले, आजीला विचार."

आता हे सांगायचे तर थोडे मागे जायला हवे.

माझ्या मुलाचे लग्न नोंदणी पद्धतीने झाले, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली. सून कोकणातल्या हिंदू घरची. गुणी मुलगी आहे, मला जीव लावते. नाताळात माझ्याआधी तिच्या करंज्या तळून होतात. नात झाली तेव्हा मी मनातल्या मनात बाप्तिस्म्याचा दिवससुद्धा ठरवून टाकला होता. मुलगा दवाखान्याच्या जिन्यातच म्हणाला, "आई, एकच मागणं आहे. तिला काही शिकवू नकोस. मोठी झाली की तिचं ती ठरवेल." मी हो म्हटले. हो म्हणण्याशिवाय इलाज नव्हता, हे खरे. पण हो म्हटले.

आमच्या पाळकांना मी हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहे. हे चर्च १९७० साली नागपूरला सहा निरनिराळ्या पंथांच्या एकत्रीकरणातून झाले आणि त्यात अँग्लिकनांसारखे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारेही होते आणि जाणत्या वयातच द्यावा म्हणणारे बाप्टिस्टही होते. दोन्ही रीती ठेवायच्या, असे ठरले. त्यामुळे 'मोठी झाली की ठरवेल' यात आमच्या चर्चच्या दृष्टीने बिघडत काही नाही. फक्त दुसऱ्या रीतीतही बाळाला मंडळीसमोर आणतात, आईबाप त्याला विश्वासात वाढवण्याचे वचन देतात. माझ्या नातीचे तेही झाले नाही. वचन झाले ते माझे, तेही उलटे!

माझे सासरे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून गिरणीत कामाला आले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे मांडले. त्या भागातल्या महारवाड्यांतली पुष्कळ घरे पुढे ख्रिस्ती झाली, त्यांतले आमचे एक. सासऱ्यांच्या पेटीत तीन वस्तू होत्या. पवित्र शास्त्र, 'उपासना संगीत' आणि गिरणीचा पास. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत या तिन्हींवर सहा माणसांचा संसार झाला. १९७३ मध्ये मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना लिहिता येत नव्हते, पण निम्मी गायने तोंडपाठ होती. त्यांनी मला कधी काही 'शिकवले' नाही. पोळ्या लाटताना त्या गात. मीही गाऊ लागले. माझे माहेर मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचे. आमच्याकडे धर्म म्हणजे पाठांतर. पहिल्यांदा सासरी आल्यावर मला वाटले, ही माणसे जरा ढिली आहेत. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि नुकतीच बी.ए. झाले होते, म्हणजे सगळे काही कळत होते!

मुले झाली, तेव्हा मी माहेरची रीत चालवली. चाळीत दिवेलागणीला घराघरांतून शुभंकरोती ऐकू यायचे, त्याच वेळी आमच्या खोलीत कौटुंबिक प्रार्थना. दर रविवारी शब्बाथ शाळेत सोनेरी वचन मिळायचे. सोमवारी पाठ, मंगळवारी न अडखळता पाठ, बुधवारी अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट. पाठ झाले नाही तर ताट वाढायचे नाही, असा नियम मी केला होता. एक-दोनदा तो अमलातही आणला. मला त्यात चूक वाटत नव्हती. अनुवादाच्या पुस्तकात आज्ञाच आहे ना, की या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबवा, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्याविषयी बोलत जा. मी 'बिंबवा' तेवढे वाचले होते. त्यापुढचे बसणे, चालणे, निजणे हे सगळे आमच्या ह्यांनी वाचले होते.

ह्यांची पद्धत निराळी. दुसरी पाळी करून रात्री उशिरा यायचे, मुले पेंगत असायची. त्यांच्यामध्ये आडवे होऊन गोष्ट सुरू. योना माशाच्या पोटात गेला, की मुलगा विचारायचा, "पप्पा, आत कसं वाटलं असेल त्याला?" हे म्हणायचे, "मे महिन्यात आपल्या खोलीतला पंखा बंद पडला की वाटतं ना, तसं." मग योनाने माशाच्या पोटात कशाकशाचा वास घेतला, याची यादी व्हायची. त्यात बोंबील, चिंबोरी, गिरणीतले तेल सगळे यायचे. मी म्हणायची, "अहो, हे शास्त्रात कुठे आहे?" ते म्हणायचे, "वास तर आला असेल ना!" गोष्ट संपली की एक वाक्याची प्रार्थना आणि झोप. आकडा नाही, ओवी नाही.

लालबागमध्ये ख्रिस्ती मूल वाढवणे म्हणजे काय, ते बाहेरच्यांना चटकन कळायचे नाही. इथे १९२८ पासून गणेश गल्लीचा गणपती, १९३४ पासून लालबागचा राजा, पलीकडे चिंचपोकळीचा चिंतामणी, तो तर १९२० चा. शिवाय प्रत्येक चाळीचा आपापला. दहा दिवस आरत्या, नाच, सिनेमे, स्पर्धा. सगळी पोरे गॅलरीत आणि माझी दोन घरात वचने पाठ करत बसलेली. चाळीच्या गणपतीची वर्गणी हे न चुकता द्यायचे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना त्याबद्दल टोकले, तेव्हा हे म्हणाले, "सार्वजनिक नळ दुरुस्त करायलाही तीच माणसं येतात." वर्गणीचे एक वेळ ठीक, पण प्रसादाचे काय? शेजारच्या मावशी दरवर्षी मोदकांची ताटली पाठवत. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल पौलाने करिंथच्या लोकांना बरेच काही लिहिले आहे. त्याचा सारांश असा, की मूर्ती म्हणजे काही नाही, तेव्हा कोणी जेवायला बोलावले तर समोर येईल ते चौकशी न करता खा. पण कोणी सांगितले की हा नैवेद्य आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. पौल लालबागमध्ये राहिला नव्हता. इथे भाद्रपदात मोदक कुठून आला हे विचारावेही लागत नाही आणि कोणी सांगतही नाही! सासूबाई ताटली घेत, रिकामी परत पाठवायची नाही म्हणून चिमूटभर साखर घालून देत. मोदक पोरांच्या पोटात जात. मी तेवढा वेळ मोरीत काहीतरी घासत बसे.

१९८५ सालच्या अनंत चतुर्दशीला मुलगा दुपारपासून दिसेना. नऊ वर्षांचा होता. मिरवणुकीचे दिवस, लाखोंची गर्दी. संपाला तेव्हा साडेतीन वर्षे होऊन गेली होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप कधी मिटला, ते आजही कोणी तारीख देऊन सांगू शकत नाही. आमच्या ह्यांची गिरणी पुन्हा त्यांना घेणार नव्हती, ते एका गोदामावर रखवालदारी करत होते. घर माझ्या पगारावर. मी रात्री अकरापर्यंत गॅलरीत उभी. साडेअकराला हा आला, केसांपासून पायांपर्यंत गुलालाने माखलेला, घसा बसलेला, डोळे चमकत असलेले. मिरवणुकीबरोबर थेट भायखळ्यापर्यंत नाचत गेला होता. मी काही न विचारता त्याला दोन मुस्काटात मारल्या. मोरीत नेऊन थंड पाण्याने घासले. गुलाल चटकन जात नाही. घासताना मी काय काय बोलले ते सगळे आठवत नाही, पण एवढे आठवते की "तुझ्यामुळे देव आपल्याला सोडेल" असे मी म्हणाले. ते त्यालाही आठवते.

हे दारात उभे होते. ते म्हणाले, "अगं, भायखळ्यापर्यंतच गेला होता ना? आपल्या चर्चची वाट आहे ती. निदान रस्ता तरी चुकला नाही."

मला तेव्हा त्यांचाही राग आला.

त्या रात्री मी ज्याला 'देवासाठी' म्हणत होते, त्यात देवाचे किती होते आणि चार तास पोर दिसत नव्हते त्या भीतीचे किती होते? शिवाय मंडळीत कोणी त्याला गुलालात पाहिले असेल, तर शब्बाथ शाळेच्या बाईंचा मुलगा म्हणून काय म्हणतील, त्याचे किती होते? आज विचाराल तर मी सांगेन, पहिल्याचे सगळ्यांत थोडे.

त्यानंतर तो गप्प झाला. वचने म्हणायचा, अडखळायचा नाही. दृढीकरणही झाले. पण मन गेले होते. उरलेसुरले गेले ते १९९२ मध्ये. बारावी झाली आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली. ह्यांच्या चुलत घरातल्या लोकांनी १९५६ च्या दीक्षेनंतर बौद्ध धर्म घेतलेला. एकच आडनाव, एकच गाव, एकच वाडा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंसाठी ठेवल्या होत्या. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. चुलत भावाला प्रवेश मिळाला, ह्याला मिळाला नाही. गुण ह्याचे चारच कमी होते. शाळेच्या दाखल्यावरच्या धर्माच्या रकान्यावर बोट ठेवून तो मला म्हणाला, "हे तुम्ही ठरवलंत. भरतोय मी." मी त्याला ख्रिस्तासाठी सोसण्याविषयी काहीतरी सांगितले. सोसणे दुसऱ्याच्या वतीने ठरवता येत नाही, हे मला तेव्हा सुचले नाही. पुढे तो स्वतःच्या हिमतीवर शिकला, नोकरीला लागला, सगळे चांगले झाले. फक्त रविवारी तो घरी झोपू लागला.

मुलीची गोष्ट अगदी वेगळी. तीच वचने, तोच ताटाचा नियम, आणि ती आज पुण्यात मंडळीची खजिनदार आहे. दोघांना एकाच पातेल्यातली डाळ वाढली होती. म्हणून पद्धतीला फार श्रेय किंवा दोष देण्यात अर्थ नाही, असे म्हणून मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली. शास्त्रातही पाहा, शमुवेलासारखा संदेष्टा, पण त्याचेही मुलगे लाचखाऊ निघाले. उलट तीमथ्याचा बाप ग्रीक, पण त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास त्याच्यात उतरला, असे पौल लिहितो. कसा उतरला ते काही लिहीत नाही. तेवढे लिहिले असते तर बरे झाले असते!

मुलांचा धर्म कोणी ठरवायचा, हे भांडण मुंबईला नवे नाही. १८४३ साली नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. वडील न्यायालयात गेले. मुलगा अल्पवयीन, म्हणून न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. तो परत आला खरा, पण मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या मुलाला जातीत घ्यायचे कोणी? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला आणि स्वतः सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. शाळेत पत्रकारदिनाला बाळशास्त्र्यांविषयी सांगताना मी हा भाग सांगत असे. मुलांना श्रीपताचे पुढे काय झाले ते हवे असायचे. त्या पोराला स्वतःला काय वाटत होते, हा प्रश्न एका मुलीने विचारला होता. न्यायालयाला त्या प्रश्नाची गरज पडली नाही, बापाचा हक्क पुरला.

पंडिता रमाबाईंचे मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, आणि त्याच वेळी त्यांच्या मनोरमेचाही. मनोरमा जेमतेम अडीच वर्षांची. म्हणजे तिने काही ठरवले नव्हते. पण पुढे मजा अशी, की ज्यांनी रमाबाईंना धर्मात घेतले त्या जोगिणींशीच त्यांचे मनोरमेच्या शिक्षणावरून वाजले. जे मला स्वतःला पटलेले नाही ते माझ्या मुलीला शिकवायचे नाही, ही बाईंची भूमिका. जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता, पण त्यांनाही बाईंनी पत्रांतून खडखडीत उत्तरे दिली. पुढे १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीवर शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. तिथे धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, आणि दार उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये केवढे वादळ झाले! रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावले नाही, पण माझ्या घरात मी दार का लावू?

त्या उघड्या दारापाशी मी अडकते. तरुणपणी मला वाटायचे, बाईंचे बरोबर. आता तेवढे सोपे वाटत नाही. जिच्यावर आपले सगळे अवलंबून आहे आणि जिच्यावर आपला जीव आहे, अशा बाईचे दार नुसते उघडे असेल, तरी ते बोलावणेच झाले. हे बाईंना कळत नव्हते, असे मला वाटत नाही. तरी दार लावायला हवे होते, असेही मला म्हणवत नाही.

आणि टिळकांचे घर? नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला इथे मुंबईतच बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंचे काय झाले ते मराठी वाचकांना मी सांगायला नको. त्या नवऱ्यामागून लगेच गेल्या नाहीत. सोवळे-ओवळे, रडणे, भांडणे, वेगळे राहणे, सगळे करून पाच वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या उतावळेपणाचे मला कौतुक नाही, पण वाट पाहणेही त्यांनीच केले, हे मान्य करावे लागते. टिळकांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. ते ह्या बाईंनी, जिला लग्नापूर्वी धड लिहिता येत नव्हते तिने, पुढे नेले आणि शेवटचा भाग मुलाने, देवदत्ताने लिहिला. बाप, आई, मुलगा, तिघांचा एकच ग्रंथ. हे सगळे मंडळीत आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्याच घरात नगरला बालकवी ठोंबरे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे वागवले, कविता ऐकल्या, जेवू घातले. ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले. हे आम्ही तितक्या आवाजात सांगत नाही. मला अलीकडे वाटू लागले आहे, की टिळकांच्या घरात विश्वास कसा होता हे ओळखायचे असेल, तर देवदत्तांइतकेच बालकवींकडे पाहिले पाहिजे.

असो. नातीकडे येते.

मुलाला दिलेला शब्द मी पाळला का? अकरा वर्षांत तिला एक वचन शिकवले नाही, एक गोष्ट सांगितली नाही. अक्षर न् अक्षर पाळला. पण ती आली की जेवणाआधी मी डोळे मिटते, ती चमचा खाली ठेवून थांबते. मी पोळ्या लाटताना गाते, आणि गेल्या दिवाळीत सूनबाई हसत म्हणाली, "आई, ही अंघोळ करताना तुमचं गाणं म्हणते." नाताळात 'नुसते बघायला' म्हणून तिला चर्चमध्ये नेते, आणि कपडे मात्र महिनाभर आधी शिवून ठेवते. चौतीस वर्षे शिक्षिका होते मी. फळ्यावर लिहितो ते मुले निम्मे विसरतात, आणि बाई पदराने हात कसा पुसते ते जन्मभर लक्षात ठेवतात, हे मला ठाऊक नव्हते असे कोणाला सांगू? मी दार उघडे ठेवले होते. सासूबाईंनी माझ्यासाठी ठेवले होते तसे. फरक इतकाच, की त्यांना ते ठाऊक नव्हते आणि मला होते.

त्या रविवारी मुलगा तिला न्यायला आला, पण तिच्यासमोर बोलता येईना. मंगळवारी रात्री मी त्याला फोन केला. आधी नातीने काय विचारले ते सांगितले. मग म्हटले, "मी तुला दिलेला शब्द मोडला आहे रे. शिकवलं नाही, पण मोडला आहे." आणि पोळ्यांचे, चमच्याचे, कपड्यांचे सगळे सांगून टाकले. मग आणखी एक गोष्ट बोलले, जी मी बोलणार म्हणून ठरवलेही नव्हते. "८५ साली गुलाल धुताना मी जे बोलले, ते खोटं होतं. देव तसा नाही. मी तशी होते."

पलीकडे बराच वेळ काही नाही. डोंबिवलीत कुठलातरी कुकर वाजला.

मग तो म्हणाला, "पोळ्यांचं मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"तू गातेस ते चांगलं वाटतं," तो म्हणाला. "आणि तिला तुझ्याकडे मीच पाठवलं. तिने मला विचारलं तेव्हा मला काय सांगावं कळेना. मी नाही म्हणालो असतो तर खोटं, हो म्हणालो असतो तर तेही खोटं. मी स्वतः आहे का, तेच मला नीट सांगता येत नाही."

मी म्हटले, "मग मी तिला काय सांगू? बाप्तिस्मा झाला नाही म्हणून नाही म्हणू? जन्माने कोणीच ख्रिस्ती नसतो असं सांगू? की तुझ्या आजोबांची गोष्ट सांगू, पणजोबा कसे आले, पेटीत काय होतं?"

"सांग. सगळं सांग. १९९२ चंही सांग, तिला तेही कळू दे. आणि तिची कोकणातली आजीसुद्धा तिला त्यांचं सांगणार आहे, हे लक्षात ठेव." थोडे थांबून म्हणाला, "फक्त तू मला शिकवलंस तसं नको. पप्पा सांगायचे तसं सांग."

"मला तसं येत नाही रे."

"मग शीक," मुलगा म्हणाला.

पंचाहत्तराव्या वर्षी मला हे ऐकावे लागले, आणि तेही ज्याला मी पाढे शिकवले त्याच्याकडून! हे जाऊन सोळा वर्षे झाली. त्यांचा आवाज आठवून मी दोन रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गोष्ट सांगून पाहिली. दर वेळी चौथ्या वाक्याला मी अध्याय सांगायला लागते. येत्या रविवारी पोर येणार आहे. काल पुन्हा फोन करून मी मुलाला विचारले, कुठल्या गोष्टीपासून सुरुवात करू?

"योना," तो लगेच म्हणाला. "आणि पंख्याचं विसरू नकोस."